भावजींनी सांगितलेले सिनेमे

आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत सगळ्याच बायका सिनेमावर बोलतात. कुणाचं रडणं खरं वाटलं, कुठलं गाणं उगाच घुसडलं, शेवट कसा व्हायला हवा होता. शनिवारी टीव्हीवर मराठी सिनेमा होतो आणि रविवारी नळावर त्याची चिरफाड चालते. मला विचारलं तर मी ‘बरा होता’ म्हणते आणि हंडा भरून घरी येते. मला मतं नाहीत असं नाही, चिक्कार आहेत. पण एखादा सिनेमा चांगला की वाईट हे बोलायला गेले की माझी थोरली बहीण डोळ्यांसमोर येते आणि माझं बोलणं तिथंच थांबतं.

आम्ही मूळच्या कळंबच्या बाजूच्या. भाताची झोडणी आटोपली की कर्जतला तंबूतला सिनेमा यायचा. वडील बैलगाडी जुंपायचे, गाडीत पेंढा घालायचे आणि आम्हा दोघींना घेऊन जायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी देवादिकांचे सिनेमे बंद केले. “आता मानसांचं बगायचं,” म्हणाले. ताईला आभाळातून जाणारे रथ फार आवडायचे. वर्षभर ती हिरमुसलेली होती. मग एकदा त्यांनी आम्हाला एक घरगुती, रडका सिनेमा दाखवला आणि ताईचं सगळं दुःख पळालं. गाडीत परत येताना ती त्यातलं गाणं म्हणायला लागली ती आमचं गाव येईपर्यंत थांबली नाही.

ताई सिनेमा बघायची नाही, ऐकायची. गाणं सुरू झालं की डोळे मिटून घ्यायची. मला राग यायचा. मी कोपराने ढोसायचे, “अगं बग ना, ती कशी नाचते!” ती डोळे न उघडता म्हणायची, “तू बग. मला सांग मागून.” लावणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायकांना ती अख्खा सिनेमा ऐकवायची, सगळ्यांचे आवाज काढून. खाष्ट सासूचा आवाज तिला सगळ्यांत छान जमायचा. बायका हसून हसून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि बांधावरून आई ओरडायची, “रोप सुकलं गं, रोप!”

आमची भांडणं व्हायची ती शेवटावरून. मला सगळी माणसं एकत्र आलेली आवडायची. हरवलेला भाऊ सापडावा, आंधळ्या आईला दिसायला लागावं. ताईला ते पटायचं नाही. “असं कुटं होतं गं?” म्हणायची. गेलेलं माणूस गेलेलंच राहिलं, तर तो सिनेमा तिला खरा वाटायचा. तेव्हा ती जेमतेम लग्नाच्या वयाची होती. तिच्यावर तोवर काही कठीण प्रसंगही आलेला नव्हता.

तिला खालापूरकडे दिली. पाताळगंगेच्या काठचं गाव. भावजी खोपोलीच्या एका कारखान्यात होते. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. लग्न नव्या पद्धतीने, पांढऱ्या साडीत, थोडक्यात झालं. भावजी उंच, किडकिडीत आणि लाजाळू. जेवायला बसले की ताटाकडे बघूनच बोलायचे. ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी विचारलं, “कसे हायत?” तर म्हणाली, “बोलतच नाईत. पन सिनेमाला नेतात.” एवढं तिला पुरत होतं.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत ती आजारी पडली. खोकला, ताप, आणि मग एक दिवस थुंकीत रक्त. क्षयाचं तेव्हा नावही हळू आवाजात घ्यायचे. तिची वेगळी ताटवाटी झाली, वेगळं अंथरूण झालं. इंजेक्शनं सुरू झाली. भावजी तिला सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात न्यायचे आणि मग तसेच कामावर जायचे. किती महिने हे चाललं असेल कोण जाणे. आईने मला तिच्या मदतीला पाठवलं होतं.

छाती बरी झाली, पण त्या इंजेक्शनांनी कान गेले. आधी ती म्हणायची, “कानात रातकिडं वरडतात गं, दिवसाची पन.” मग मी मागून हाक मारली तर वळेना. मग समोरून बोललं तरी ‘आं? आं?’ करायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषधाने कधी कधी असं होतं, पण जीव वाचला हे बघा. पुढे कधीतरी रातकिडेही थांबले. त्या दिवशी ती चुलीपुढे बसून मोठमोठ्याने रडली. आपण किती मोठ्याने रडतोय हे तिचं तिला कळत नव्हतं. आजूबाजूची माणसं धावत आली. मूल होऊ देऊ नका, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे दोन्ही एकदमच आलं.

तिच्या सासूने हे सगळं फार मनाला लावून घेतलं. एकुलता एक मुलगा आणि त्याच्या नशिबी ही अशी. तिचं दुःख मला आता कळतं, तेव्हा कळत नव्हतं. एक दिवस दुपारी ताई अंगणात गवऱ्या रचत होती. सासू दारात उभी राहून तिच्याकडे बोट करत म्हणाली, “ही भैरी किती दीस पोसायची रं? धाड हिला माह्यारी. दुसरी आन.” भावजी पायरीवर बसून सायकलची साखळी बसवत होते. मी आत होते, हे बहुतेक त्यांच्या लक्षातही नव्हतं. ताईने हात थांबवला आणि सासूच्या बोटाकडे पाहून भावजींना खुणेने विचारलं, काय म्हणतात?

भावजी उठले. तिच्या समोर जाऊन उभे राहिले, ओठ सावकाश, मोठे मोठे हलवत, आवाज न करता म्हणाले, “आय म्हनते, उनात बसू नको. आत ये.”

ताई सासूकडे बघून हसली. सासू आत निघून गेली.

मी ते कुणालाच सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर ती ताईला घेऊन आली असती. आणि ताईला सांगायचं तर कशासाठी? ती त्या घरात मजेत होती. सासू बोलते कमी पण मायेची आहे, असं ती मला पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली.

कान गेल्यावर भावजींनी तिला सिनेमाला न्यायचं सोडलं नाही. उलट जास्तच नेऊ लागले. मी एकदाच त्यांच्याबरोबर खोपोलीच्या थेटरात गेले. माझंही तेव्हा लग्न ठरलं होतं. ताई मध्ये बसली होती, भावजी तिच्या पलीकडे. खेळ सुरू झाला आणि भावजी तिच्याकडे तोंड करून वळून बसले. पडद्याकडे एक नजर टाकायचे, ऐकायचे आणि मग ओठांनी तिला सांगायचे. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा तेवढाच तिला वाचायला. पडद्यावर अंधार झाला की दोघंही थांबायची. ताटाकडे बघून बोलणारा हा माणूस तिथे राजा व्हायचा, म्हातारी व्हायचा, दारुडा व्हायचा. हुंदके द्यायचा. सगळं आवाज न करता. मागच्या रांगेतल्या कुणीतरी, “सरळ बसा की हो,” म्हटलं, पण ते हलले नाहीत. माझ्या मनात आलं, यांनी आजवर एकही सिनेमा धड पाहिलेला नसणार.

गाण्याला मात्र ते गप्प बसायचे. गाणं कसं सांगणार? तेव्हा ताई डोळे उघडे ठेवून नाच बघायची आणि पायाचा अंगठा जमिनीवर आपटत राहायची, भलत्याच ठेक्यात.

तिचा सगळ्यांत आवडता सिनेमा याच काळातला. मी तो पाहिला नव्हता. पण तिच्याकडून इतक्यांदा ऐकला की मला पाठ झाला होता. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून दुखण्याने अंथरूण धरते. सासू तिची सगळी सेवा करते. सुनेच्या वडिलांना बरं नसतं म्हणून सासूच तिला म्हणते, जा बाई, त्यांना भेटून ये, आणि खटारगाडी जुंपायला लावते. सून जाते. माहेरी तिला नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं वाईट स्वप्न पडतं आणि ती दचकून उठते. “फुडचं बगायचं ऱ्हायलं,” ताई म्हणायची. “हे म्हनाले, गाडी चुकंल. पन शेवट चांगलाच असनार. तशी सासू असल्यावर काय.” सिनेमातल्या खोट्या सुखाला नावं ठेवणारी माझी बहीण या एका सिनेमावर जीव टाकून होती. मला तेव्हाही जरा नवल वाटायचं.

माझं लग्न होऊन मी मोहोपाड्याला आले. माझे यजमान इथल्या रसायनाच्या कारखान्यात. मुलं झाली, दिवस जात राहिले. सणावारी ताई आणि भावजी यायचे. माझ्या मुलांना भावजी फार आवडायचे, कारण ते तोंड न उघडता गोष्ट सांगायचे.

मग एका पावसाळ्यात, कामावरून परत येताना, भावजी सायकलवरून पडले. छातीत कळ आली होती. लोकांनी उचलून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

ताईने मला नंतर सांगितलं, दारात खूप माणसं आली. सगळी एकदम बोलत होती. कुणी हात जोडत होतं, कुणी डोळे पुसत होतं. सासू जमिनीवर लोळण घेत होती. “मला कायच कळंना गं. मला वाटलं, हे येतील आत्ता. आले की सांगतील काय झालं ते.” ती गर्दीत भावजींनाच शोधत होती.

त्यानंतर ताई त्याच घरी राहिली. मी म्हटलं, चल माझ्याकडे. आईनेही बोलावलं. ती म्हणाली, “मातारीला कोन बगंल?” म्हातारी मुलगा गेल्यावर बोलायचीच बंद झाली होती. खाटेवर पडून आढ्याकडे बघत असायची. ताई तिला न्हाऊमाखू घालायची, पेज भरवायची, केस विंचरायची. शेत वाट्याने दिलं होतं, भात घरी यायचं. बाजारात, बसमध्ये, सरकारी कचेरीत आता मध्ये उभं राहून तिला सांगणारं कुणी नव्हतं. त्यामुळे ती परक्यांची तोंडं वाचायला शिकली. वाण्याचं, कंडक्टरचं, कारकुनाचं. भावजी होते तोवर तिला त्यांच्याशिवाय कुणाचं तोंड वाचता येत नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती.

पुढे आमच्याकडे टीव्ही आला. लाकडी दारांचा, काळा-पांढरा. ताईला न्यायला मी मोठ्या हौसेने माझ्या मुलाला पाठवायचे. ती कधी यायची, कधी नाही. म्हातारीला शेजारणीवर सोपवून यावं लागायचं. मी तिच्या समोर बसून भावजींसारखं सांगायचा प्रयत्न करायचे. तिला फारसं आवडायचं नाही. “तू लई भराभरा सांगते,” म्हणायची. मला हुंदके देणंही जमायचं नाही.

एका शनिवारी मराठी सिनेमा होता. पेपरात ताईच्या त्या आवडत्या सिनेमाचं नाव वाचलं आणि मी मुलाला सकाळच्याच एसटीने खालापूरला पिटाळलं. ताई आली ती नवी साडी नेसून, अगदी लग्नाला निघाल्यासारखी. कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. ती प्रत्येकीला सांगत होती, “लई चांगला हाय. आमच्या ह्यांनी दाखवलेला. सासू बगा कशी हाय ती.” तिचा आवाज मोठा, एकसुरी झाला होता. बायका हसून मान डोलवत होत्या.

सिनेमा सुरू झाला. मोठं घर, बैल, आजारी सून. मी ताईच्या समोर टीव्हीच्या बाजूला बसले. सासूच्या तोंडचं पहिलंच वाक्य ऐकलं आणि मी वळून टीव्हीकडे पाहिलं. ती बाई सुनेच्या अंथरुणापाशी उभी राहून तिला मरणाचे शाप देत होती. तोंडावर मात्र हसू होतं, कारण तिथे शेजारणी बसलेल्या दाखवल्या होत्या. भावजींनी त्या हसण्याचा उपयोग करून घेतला होता.

ताईने मला विचारलं, “काय म्हनते?”

मी म्हटलं, “औषध घे म्हणते वेळेवर.”

ताईने मान हलवली. तिच्या आठवणीत तेच होतं. मी असंच पुढे रेटत राहिले. मागे बायका चुकचुकत होत्या, एक तर चक्क म्हणाली, “काय मेली कैदाशीण आहे!” बरं झालं, ताईची पाठ तिच्याकडे होती. पण मग तो खटारगाडीचा प्रसंग आला. सासूचा चेहरा पडदाभर मोठा दाखवला होता. ती मुलाशी बोलत होती. ओठ स्पष्ट, शब्द सुटे सुटे.

ताई माझ्याकडे बघतच नव्हती. ती टीव्हीकडे बघत होती.

“माह्यारी धाड म्हनली,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “दुसरी आन म्हनली. व्हय ना गं?”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

बाकीचा सिनेमा तिने एकटीने पाहिला. माझ्याकडे एकदाही वळली नाही. लग्नाचा प्रसंग आला, नवरा बाशिंग बांधून उभा राहिला. ते स्वप्न नव्हतं. शेवटी आजारी सून नदीकडे निघून जाते. ताईने लहानपणी पाहिलेल्या सगळ्या सिनेमांपेक्षा हा जास्त खरा होता म्हणायला हवं. चांगला होता. ती नटी फार मनापासून काम करत होती. मला तो सिनेमा आवडला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बायका गेल्यावर ताई मला म्हणाली, “त्यांनी मला सगळा दुसराच सांगितला.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून गं.”

“ते कळतंय मला.” मग ती पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. “आनि घरी? मातारी बोलायची ते?”

ती माझ्या बंद तोंडाकडे बघत राहिली आणि तिला जे वाचायचं ते तिने वाचलं.

सकाळी ती पहिल्या गाडीने परत गेली. मी म्हटलं, राहा अजून एक दिवस. म्हणाली, “मातारी उपाशी आसंल.”

तिने म्हातारीचं काही कमी केलं नाही. दोन-तीनदा मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पेज तशीच गरम, अंथरूण तसंच कोरडं. पण भरवताना ती आता तोंड दुसरीकडे फिरवायची. घास अंदाजाने द्यायची, खिडकीबाहेर बघत. म्हातारीचे दात गेले होते, तिचं तोंड तसंही कुणाला वाचता आलं नसतं. तरी आधी ताई निदान तिच्याकडे बघून हसायची.

म्हातारीच्या शेवटच्या दिवसांत मी तिथे होते. ती पुन्हा बोलायला लागली होती. आवाज बारीक, पण ऐकू येण्यासारखा. ताई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आणि ही खाटेवरून तिच्याकडे हात करत म्हणत होती, “बाय माझी... लेकीवानी केलंस गं माझं... माझ्याजवल बस.” पुन्हा पुन्हा तेच. मला ऐकवेना. मी उठून ताईच्या समोर जाऊन बसले, तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाले, “ताई, ती तुला बाय माझी म्हणते. लेकीसारखं केलंस म्हणते. जवळ बोलावते तुला.”

ताईने ते नीट वाचलं. मग माझा हात बाजूला केला.

“तू बी त्यांच्यासारकीच,” ती म्हणाली. रागाने नाही. उलट मायेने, माझी समजूत घातल्यासारखं. “राहू दे गं. आता नको काय सांगू.”

मी शपथ घेतली, रडले. शेजारणीला बोलावून तिच्याकडून वदवलं. ताईला वाटलं, मीच तिला पढवली आहे. ती सुपात हात घालून खडे शोधत राहिली. म्हातारीचा हात बराच वेळ तसाच पुढे होता, मग खाली पडला. ती गेली तेव्हा तोंडात पाणी ताईनेच घातलं, डोळेही तिनेच मिटले. पण ते शब्द तिच्यापर्यंत पोचले नाहीत ते नाहीतच.

ताई आता माझ्याकडे असते. खालापूरच्या घराला कुलूप आहे. कॉलनीतल्या बायकांमध्ये ती बसते, त्यांच्या पोरांना खेळवते. शनिवारी सिनेमा लागला की उठून आत जाते. टीव्हीवर तिला शेतीचा कार्यक्रम तेवढा आवडतो. त्यात कुणी रडत नाही. परवा एक गृहस्थ भाताच्या नव्या बियाण्याबद्दल सांगत होते आणि त्यांच्या दाट मिशांमुळे तिला ओठ दिसत नव्हते. तिने मला विचारलं. मी सांगितलं, हे बी लवकर तयार होतं, पाऊस कमी पडला तरी चालतं.

“खरं सांगतेस ना?” ती म्हणाली.

आता ती प्रत्येक गोष्टीला असंच विचारते. दूध नासलं म्हटलं तरी, पाहुणे यायचेत म्हटलं तरी. मी म्हणते, खरंच गं. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.